शेंगदाण्याचे औषधी पाकीट : तुर्कानातील तीन वर्षांचा अनुभव

केनियाच्या उत्तरेकडील तुर्काना भागात आम्ही मिशनच्या कामासाठी राहतो. माझे पती पाळक आहेत, आणि मिरजेला नर्सिंग शिकलेली असल्यामुळे मिशनच्या छोट्या दवाखान्यातील पोषण केंद्र माझ्याकडे आले आहे. तीव्र कुपोषित मुलांसाठी जो तयार उपचारात्मक आहार जगभर आरयूटीएफ या नावाने ओळखला जातो, त्याची पाकिटे गेली तीन वर्षे माझ्या हातून वाटली जात आहेत. असे केंद्र चालवणाऱ्यांना किंवा त्यासाठी देणगी देणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

पाकीट 92 ग्रॅमचे असते आणि त्यातून 500 किलोकॅलरी मिळतात. आत शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात. प्रशिक्षणाच्या वेळी मी चव घेतली, तेव्हा लाडू वळायला घेण्याआधी परातीत कालवलेले शेंगदाण्याचे कूट, पिठीसाखर आणि दुधाची पावडर आठवली. मात्र हे मिश्रण अधिक तेलकट आणि टाळूला चिकटणारे आहे. फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ यांनी न्यूट्रिसेट या कंपनीबरोबर 1996 मध्ये प्लम्पीनट या नावाने ते प्रथम तयार केले. आता त्याच धर्तीची पाकिटे आफ्रिकेतील कारखान्यांतही बनतात.

त्याचे मोल कळण्यासाठी आधीची पद्धत माहीत असावी लागते. पूर्वी अशा मुलांना औषधी दुधाची पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून द्यावी लागे. ते दूध काही तासांत नासे, म्हणून मुलाला कित्येक आठवडे दवाखान्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नसे, आणि घरी चार मुले व शेळ्या सोडून आलेली आई तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाला उचलून परत निघे. पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसल्याने तिच्यात जंतू वाढत नाहीत, ती शिजवावी लागत नाही, आणि न उघडलेले पाकीट दोन वर्षे टिकते. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी घरच्या घरी उपचार करण्याच्या या पद्धतीला एकत्रित मान्यता दिली. चाळीस अंशांच्या उन्हात जिथे पिण्याच्या पाण्यासाठीच कोरड्या नदीपात्रात खड्डे खणावे लागतात, तिथे ही सोय किती मोठी आहे, हे मी रोज पाहते.

परंतु पाकीट हे औषध आहे आणि ते औषधासारखेच द्यावे लागते. आमच्या केंद्रात दर शुक्रवारी प्रथम दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात. 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, म्हणजे सूज आहे का, ते पाहायचे. त्यानंतर भुकेची चाचणी होते. गळ्यात मण्यांच्या माळांची चळत घातलेली आई हात धुऊन बाभळीच्या सावलीत बसते, पाकिटाचा कोपरा फाडते आणि बोटभर पेस्ट मुलाच्या ओठांना लावते. पहिली काही मिनिटे मूल तोंड फिरवते. मग एकाएकी त्याची जीभ बाहेर येते आणि ते आईचे बोटच धरून ठेवते. हा क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे, तरी दर वेळी माझा श्वास रोखलेला असतो, कारण जे मूल खात नाही त्याला घरी पाठवता येत नाही. त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. उष्णतेने तेल वर येते, म्हणून उघडण्यापूर्वी पाकीट नीट मळून घ्यावे लागते. मुलाला तहान फार लागते. सोबत पिण्याचे स्वच्छ पाणी नसेल, तर उपचार अर्धवटच राहतो. रिकाम्या पाकिटांचा कचरा काटेरी कुंपणांत अडकून राहतो. एकदा वाहतूकदाराने आमची खोकी दोन आठवडे वाटेतच अडकवून ठेवली, तेव्हा लागोपाठ दोन शुक्रवारी आयांना रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले, आणि त्यांतील काही जणी पुन्हा आल्याच नाहीत.

खोकी आमच्या घरातल्या मागच्या खोलीत ठेवलेली असतात. इथे बाईला थोरल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे आमच्या लेकीची 'मामा', म्हणजे स्वाहिली भाषेत आई, म्हणूनच मला सारे ओळखतात. तीच लेक खोक्यांना पाठ टेकून अभ्यास करते. धाकट्याने एकदा पाकीट मागितले. त्याला शेंगदाण्याचे सगळेच आवडते. ती आजारी मुलांची आहेत म्हणून मी नाही म्हटले आणि चिक्की करून दिली. त्याने विचारले, 'मग त्यांच्या घरातला भाऊ मागतो तेव्हा त्याची आई काय देते?'

या पाकिटाची खरी मर्यादा त्या प्रश्नात आहे. इथले अन्न म्हणजे मुख्यतः जनावरांचे दूध. वर्षातून दोनदा येणारा पाऊस 2020 च्या अखेरीपासून सलग पाच वेळा हुकला, शेळ्या-उंट मेले आणि दूध आटले. अशा घरात एका मुलासाठी दिलेली आठवड्याची पाकिटे तिघा-चौघांत वाटली जातात. वजन वाढत नाही म्हणून मी सुरुवातीला एका आईला रागावले होते. ती म्हणाली, 'दुसराही माझाच आहे.' त्यानंतर मी या कारणासाठी कोणालाही रागावले नाही.

घरच्यांसाठी धान्य मिळाले, तर पाकिटे आजारी मुलाच्याच पोटात जातात. ज्या महिन्यांत आम्हाला मका आणि डाळ देता आली, त्या महिन्यांत मुले लवकर सावरलेली मी पाहिली. त्यामुळे या वस्तूची मी मनापासून शिफारस करते, पण नुसती खोकी पाठवणाऱ्या संस्थांना सोबत धान्यही पाठवण्याची विनंती करते. आमच्या पुढच्या मागणीपत्रात पाकिटांच्या खोक्यांइतकीच मक्याची पोती लिहिली आहेत.