यूपीएस बंद पडला: पार्ट बदलायचा, कार्ड बदलायचं, की नवाच घ्यायचा?

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात शहापूरच्या माझ्या दुकानात दोन-तीन यूपीएस हमखास येतात. खानापूर, नंदगड, कधी पार जांबोटी-कणकुंबीकडचे. गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावात ग्राम वन केंद्र (सरकारी दाखले-उतारे मिळण्याचं केंद्र) चालवणारा मुलगा १ केव्हीएचा यूपीएस पोत्यात घालून घेऊन आला. "काका, दुरुस्त होतंय काय, का नवाच घेऊ? तिकडं उताऱ्यासाठी माणसं थांबल्यात." त्याला तीन दुकानांत तीन उत्तरं मिळाली होती. एकानं पार्ट बदलून देतो म्हटलं, दुसऱ्यानं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) बदलावं लागेल, तिसऱ्यानं भंगारात घाल. तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, पण झाकण उघडायच्या आधी त्यातलं एकही देता येत नाही.

आणि झाकणाच्याही आधी बॅटरी. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते, १ केव्हीएमध्ये बहुधा दोन. पूर्ण चार्ज करून काही तास नुसती ठेवली तर चांगली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब पाच मिनिटं लावा. व्होल्टेज घसरून ११ च्या खाली गेलं तर बॅटरी संपली. मग चार्जिंगही मोजून घ्या. दर बॅटरीमागं १३.५ ते १३.८ व्होल्ट हवेत. १५ येत असतील तर नवी बॅटरीही फुगणार, म्हणजे खरा बिघाड कार्डातच आहे. पावसाळ्यात जांबोटीकडं तासन्‌तास लाईट नसते. तिथल्या बॅटऱ्या वारंवार तळापर्यंत रिकाम्या होतात आणि दोन वर्षंही काढत नाहीत.

बॅटरी ठीक असेल तर पुढचा प्रश्न येतो.

पार्ट बदलणं

माझा कल इकडंच आहे, आणि कारण साधं आहे. यूपीएसमध्ये जे मरतं ते बहुतेक वेळा स्वस्त असतं. वीज कडाडल्यावर आधी जाते ती इनपुटवरची जादा व्होल्टेज अडवणारी गोल चकती, एमओव्ही. ती शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि आतलं सगळं वाचवते. नुसता फ्यूज बदलला तर तो पुन्हा उडतो. काहीजण चकती कापून टाकतात आणि यूपीएस चालू झाला म्हणून परत देतात. चालू होतो हे खरं, पण पुढची वीज थेट कार्डावर येते. चकती बदलायला काही रुपये लागतात, ती बदलूनच घ्या. त्याशिवाय काळे पडलेले रिले, फुगलेले कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरच्या पायाजवळचा सुटलेला सोल्डर ही नेहमीची कामं, तासाभरात होणारी.

खरी कसोटी मॉसफेटची, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीचा करंट चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरला देणाऱ्या ट्रान्झिस्टरांची. लाईट असताना यूपीएस नीट चालतो, पण लाईट गेली की ठप्प, किंवा बॅटरीचा फ्यूज उडालेला, म्हणजे संशय त्यांच्यावर. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये मोजा. दोन्ही बाजूंनी बीप आला तर शॉर्ट. इथं अर्धं काम करणं सगळ्यात महाग पडतं. जळालेला एकच बदलला तर बाकीचे थकलेले मॉसफेट लवकरच त्याच वाटेनं जातात. पूर्ण संच एकाच कंपनीचा घालायचा, गेटचे (मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या पायाचे) रेझिस्टर आणि त्यांना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टरही तपासायचे. सुरुवातीच्या काळात माझ्याच टेबलावर तो ट्रान्झिस्टर तपासायचा राहिला आणि नवे चार मॉसफेट तासाभरात गेले. तेव्हापासून पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या वाटेत करंट आवरायला सीरिज बल्ब असतोच.

अजून एक गोष्ट फार कमीजण बघतात. अशा यूपीएसमध्ये ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप (गुंडाळीच्या मधून काढलेली वायर) असतो, त्यामुळं बंद असलेल्या मॉसफेटवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येतं. १२ व्होल्टच्या यूपीएसमध्ये ५५ व्होल्टपर्यंत टिकणारा आयआरएफ ३२०५ हा मॉसफेट सुखानं चालतो. २४ व्होल्टमध्ये दुप्पट म्हणजे ४८, चार्ज बॅटरीवर त्याहून जास्त, वर स्विचिंगचे झटके. तिथं ७५ किंवा १०० व्होल्टचाच लागतो. बाजारात ३२०५ सहज मिळतो म्हणून तो कुठंही बसवला जातो.

चांगल्या कारागिराकडं हे सगळं सामान दोन-तीनशेच्या आत येतं, वर मजुरी. वेळ मात्र लागतो, आणि काम हाताचं असल्यानं माणूस बघून द्यावं लागतं. घरी करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: मेन्सचा प्लग काढला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत आउटपुटला २३० व्होल्ट येऊ शकतात. आधी बॅटरीची वायर काढा. मेन्स सरळ डीसी केलेला असेल तर मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज उरलेला असतो.

कार्ड बदलणं

झटपट होतं, आणि मायक्रोकंट्रोलर (कार्ड चालवणारी मुख्य चिप) गेला असेल तर दुसरा उपाय क्वचितच असतो. कोरी चिप विकत मिळते, पण तिच्यातला प्रोग्रॅम कंपनीनं लॉक केलेला असतो. अडचण नेमकं तेच कार्ड मिळण्याची. एकाच मॉडेलची दोन वर्षांच्या अंतरातली कार्डं वेगळी निघतात. बेळगावात नसेल तर हुबळी किंवा कोल्हापूरहून मागवायचं, तोवर तुमचं काम थांबलेलं. कार्डाची किंमत नव्या ६०० व्हीएच्या निम्म्याच्या पुढं गेली की मी नको म्हणून सांगतो. १ केव्हीएच्या वर मात्र परवडतं.

नवा घेणं

ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर विचार करत बसू नका, नवा घ्या. पाल किंवा मुंग्या जाऊन अख्खं कार्ड कोळसा झालं असेल तरी तेच. आणि वॉरंटीत असेल तर सील तोडूच नका, माझ्याकडंही आणू नका. नव्याचा एक खरा फायदा आहे: कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ॲक्टिव्ह पीएफसीचा (मेन्सच्या वेव्हच्या आकारात करंट ओढणारा) असेल तर जुन्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर तो कधीकधी बंद पडतो. तिथं प्युअर साइनवेव्हचा नवा घेतलेला बरा. पण ७-८ वर्षांपूर्वीचा जड यूपीएस देऊन आजचा सगळ्यात स्वस्त घेणार असाल तर दोन्ही हातात धरून वजन बघा. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर बऱ्याचदा असते.

त्या मुलाचा यूपीएस उघडला तर दोन बॅटऱ्या, म्हणजे २४ व्होल्ट, आणि आत कुणीतरी आधी बसवलेले ३२०५. सगळे शॉर्ट. ट्रान्सफॉर्मर आणि चिप शाबूत होती. ७५ व्होल्टचा संच घातला, गेटचे रेझिस्टर बदलले, दोनशे वॉटच्या बल्बवर बॅटरी उतरेपर्यंत चालवला. देताना विचारलं, यावर काय काय चालतं? म्हणाला, "कॉम्प्युटर, राऊटर आणि लेसर प्रिंटर." लेसर प्रिंटरचा फ्यूजर तापताना काही क्षण ८००-१००० वॉट ओढतो, आणि हा यूपीएस जेमतेम ६०० वॉटचा. लाईट नसताना उतारा छापायला गेलं की सगळा भार त्या मॉसफेटवर. प्रिंटर भिंतीच्या सॉकेटला लाव, लाईट आल्यावरच छाप, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. गणपतीच्या आधी तो बॅटऱ्या तपासून घ्यायला आला तेव्हा मॉसफेट तेच होते.