नावांमागचे पवित्र शास्त्र : बेळगावातील एक अभ्यासवर्ग

टिळकवाडीतील एका वाचनालयाने या पावसाळ्यात कादंबरीतील बायबलच्या नावांवर चार रविवारांचा सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. शहापूर, कॅम्प आणि खानापूर भागातून आलेले वाचक मराठीत मुरलेले, काही कन्नडही सहज वाचणारे. बायबल मात्र कॅम्पातील दोघी ख्रिस्ती भगिनी सोडल्या तर फारसे कोणी उघडलेले नव्हते. हे ओळखून मार्गदर्शकांनी आधी मूळ कथा मराठी पवित्र शास्त्रातून मोठ्याने वाचायची आणि मगच कादंबरीकडे वळायचे, असा क्रम ठेवला. तो अगदी योग्य होता.

वर्गाचे खरे बळ हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ (1851) या कादंबरीच्या विवेचनात दिसले. कादंबरीच्या निवेदकाचे नाव इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’, एवढे फळ्यावर लिहून मार्गदर्शक थांबले नाहीत. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या एकविसाव्या अध्यायात अब्राहामाची दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल घराबाहेर काढले जातात, पखालीतले पाणी संपते आणि मूल तहानेने मरणार तोच विहीर दृष्टीस पडते, कादंबरीतला इश्माएल मात्र चहूकडे पाणीच पाणी असताना एका शवपेटीच्या आधाराने तरंगतो, आणि मुलगा हरवलेल्या ज्या कप्तानाचे जहाज त्याला उचलून घेते त्या जहाजाचे नाव, यिर्मयाच्या ग्रंथात लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलचे असते. इश्माएलच्या स्वतःच्या जहाजाच्या कप्तानाचे नाव अहाब. बायबलमधल्या दुष्ट अहाब राजाचे रक्त कुत्र्यांनी चाटले, ही आठवण इश्माएल काढतो तेव्हा त्या जहाजाचा एक मालक पेलेग त्याला बजावतो की कप्तान अहाबने हे नाव स्वतः घेतलेले नाही, ते त्याच्या विधवा आईच्या खुळेपणातून पडले आहे. यावर, पोराचे नाव दुर्योधन ठेवणारी आई कोणी पाहिली आहे का, असे एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आणि चर्चा रंगली.

टोनी मॉरिसनच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ला (1977) मात्र जेमतेम पाव तास मिळाला, हे मला खटकले. तिथे निरक्षर बाप बायबलमधल्या अक्षरांच्या रुबाबदार आकारावर भाळून मुलीचे नाव पायलेट ठेवतो, ख्रिस्ताला मृत्युदंड देणाऱ्या पिलाताचे. सुईण हरकत घेते, तो ऐकत नाही, आणि ती मुलगी नावाचा तो कागद पितळी डबीत घालून कानात घालते. नाव आणि माणूस यांची सरळ जुळणी करू पाहणाऱ्याला याहून चांगला धडा नाही.

तो धडा वर्गाने स्वतःच घेतलेला दिसला नाही. शेवटच्या रविवारी जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीतील जिम केसीपासून सुरुवात करून, जे आणि सी ही (जीझस क्राइस्टची) आद्याक्षरे असलेले प्रत्येक पात्र ख्रिस्ताचे रूप ठरवण्याचा सपाटाच लागला. केसीच्या बाबतीत ते पटते, कारण दुसऱ्यांसाठी मार खाणारा आणि मरणारा हा माणूस आद्याक्षरांवाचूनही तसाच दिसतो. बाकीची उदाहरणे ओढूनताणून आणलेली होती.

शुल्क माफक, बैठक ऐसपैस. झेरॉक्स टिपणे मात्र केवळ इंग्रजीत आणि बारीक टाइपात होती, ती मराठीत द्यायला हवीत. पुढच्या वेळी नाव नोंदवणाऱ्यांनी ‘मोबी डिक’ची निदान पहिली सोळा प्रकरणे वाचून जावे, कारण पेलेगचे ते बोलणे सोळाव्यातच येते.