गॅस डिटेक्टर निवडताना: फ्रिश जाळी, तिरके इलेक्ट्रोड की पीपॅक?

जड आयनांच्या बीममधला कण कोणत्या अणुक्रमांकाचा, हे गॅसमध्ये त्याने गमावलेल्या ऊर्जेवरून ओळखायचं असेल, तर आधी एक आकडा पक्का करा: डिटेक्टरवर सेकंदाला किती कण पडणार?

दर कमी असेल तर फ्रिश जाळीचा आयनीकरण कक्षच घ्या (कणाने गॅसमध्ये सोडलेला चार्ज गोळा करणारा डिटेक्टर, ॲनोडसमोर तारांची जाळी लावलेला). त्यात विद्युतक्षेत्र बीमला आडवं असतं आणि रेंगाळणाऱ्या धन आयनांचा परिणाम जाळी ॲनोडपर्यंत पोचू देत नाही, म्हणून ऊर्जेचं मापन नेटकं होतं. अडतं ते वेळेवर. पी-१० गॅसमध्ये (९० टक्के आर्गॉन, १० टक्के मिथेन) इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदाला साधारण ५ सेंमी सरकतात, म्हणजे १० सेंमीला २ मायक्रोसेकंद. सेकंदाला १०,००० कण असतील तर तेवढ्यात दुसरा कण येण्याची शक्यता २ टक्के. ५ लाख असतील तर ६३ टक्के. मग पल्सवर पल्स चढते आणि ओळख पटत नाही.

तिरक्या इलेक्ट्रोडच्या कक्षात ॲनोड-कॅथोड बीमच्या वाटेतच आलटून पालटून बसवतात. मधलं अंतर २ सेंमी धरलं तर त्याच गॅसमध्ये ०.४ मायक्रोसेकंद पुरतात आणि ६३चे १८ टक्के होतात. सीएफ४ (कार्बन टेट्राफ्लोराइड) गॅसमध्ये इलेक्ट्रॉन याहून बरेच वेगाने धावतात. तिरकेपणा मात्र वेगासाठी नाही. इलेक्ट्रोड सरळ, बीमला काटकोनात लावले तर इलेक्ट्रॉन आणि धन आयन कणाच्या मार्गावरूनच एकमेकांसमोरून जातात, पुन्हा जुळतात आणि चार्ज वाया जातो. तिरपं क्षेत्र त्यांना मार्गाच्या दोन बाजूंना ओढून नेतं.

पीपॅक (दोन समांतर पट्ट्यांमधल्या गॅसमध्ये इलेक्ट्रॉनांचं हिमस्खलन घडवणारा डिटेक्टर) वेगळ्या कामाचा. काही मिलिमीटरच्या फटीमुळे वेळ नॅनोसेकंदाहून बारीक मिळते, स्थानही मिळतं. पण या हिमस्खलनातले, म्हणजे एका इलेक्ट्रॉनाने अनेक इलेक्ट्रॉन सोडवत जाण्यातले, चढउतार ऊर्जेचं मापन बिघडवतात. अणुक्रमांकासाठी त्याच्यावर विसंबू नका.

खरा पेच इलेक्ट्रोड कशाचे करायचे हा आहे. जपानमध्ये रिकेन संशोधन संस्थेच्या बिगरिप्सवर (दुर्मिळ समस्थानिकांचे बीम वेगळे करणारं यंत्र) बीमची ऊर्जा भरपूर, तिथे पातळ फिल्म चालते. कमी ऊर्जेला फिल्मच कणाला थकवते, म्हणून तारांच्या जाळ्यांचे इलेक्ट्रोड. १८ मायक्रॉन जाडीच्या तारा २ मिमी अंतरावर लावल्या तर प्रत्येक जाळी ०.९ टक्के कण अडवते. अशा ३० जाळ्यांत जवळजवळ चौथा हिस्सा तारांवर आदळतो. त्यांच्या पल्स लहान येतात आणि नेमक्या शेजारच्या दुर्मिळ समस्थानिकाच्या जागेत घुसतात. मी अंतर ३ मिमी करून पाहीन: नुकसान सहाव्या हिश्श्यावर येतं. क्षेत्र तारांजवळ किती वाकतं, ते मात्र आधी सिम्युलेशनमध्ये तपासावं.