यरवडा चरख्यावर सशाची लोकर

पेटी चरखा, म्हणजेच यरवडा चरखा, कापसासाठी असतो हे ठाऊक आहे, पण हा रिव्ह्यू कापूस न कातणाऱ्या बाईचा आहे. माझ्याकडे सावरी आहे, इंग्लिश अंगोरा जातीचा पांढरा ससा. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. तिच्या अंगावरून निघणाऱ्या लोकरीचं करायचं काय, या एका प्रश्नापायी आधी टकळी (हाताने फिरवून सूत कातायची काडी) आली, मग हा चरखा आणि सगळ्यात शेवटी विणकामाच्या सुया. लोक विणायला शिकतात, मग कातायला, मग एखादा जनावर पाळतो. आमच्याकडे सगळं उलट्या क्रमाने झालं.

आधी लोकरीबद्दल, कारण चरख्याची पारख तिच्यावरच होते. अंगोराचा तंतू साधारण 11 ते 14 मायक्रॉनचा, आतून पोकळ. मेंढीच्या लोकरीतला तेलकटपणा त्यात नाही. म्हणून ती हलकी आणि भलतीच ऊबदार, पण तितकीच निसरडी. पीळ कमी पडला की धागा हातातल्या हातात सुटतो आणि विणलेल्या कपड्यातून केस गळत राहतात ते राहतातच. थोडक्यात, तिला पीळ भरपूर हवा आणि ओढ कमी. इथे मिळणारी पायाने चालवायची चाकं कातलेला धागा स्वतःहून बॉबिनवर, म्हणजे रिळावर, ओढून घेतात. ती ओढ अगदी सैल ठेवून अंगोरा कातणारे लोक आहेत, पण नवख्या हाताला ते जमत नाही, धागा तुटून पलीकडे पळतो. शिवाय त्या चाकाला काहीशे पौंड मोजावे लागतात.

पेटी चरख्यात ती ओढ नाहीच. उजव्या हाताने मोठं चाक फिरवायचं, ते दोरीने लहान चाकाला फिरवतं आणि लहान चाक माळेने (बारीक दोरीने) चातीला, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या टोकदार सळईला. वेग असा दोनदा वाढतो. डाव्या हातातला पुंजका चातीच्या टोकापासून अलगद मागे नेला की धागा निघत येतो. हात पुरता मागे गेला की आणखी थोडा पीळ भरायचा, चाक जरासं उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि धागा चातीवर गुंडाळायचा. माझे बाबा नागपूरला असतात, त्यांच्या शाळेत टकळी होती. व्हिडिओ कॉलवर माझं कातणं बघून ते पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "अगं, मूठ आवळू नकोस. पेळू धरल्यासारखं वाटलंच नाही पाहिजे." पेळू म्हणजे कातायला वळलेली कापसाची वळकटी. कुठल्याही व्हिडिओपेक्षा हा एक सल्ला जास्त कामाला आला. हातात वाती वळायची सवय असेल तर आणखी सोपं जातं.

ही दोन चाकांची, मिटून पेटीत बसणारी रचना गांधीजींनी 1930 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवून घेतली, म्हणून नाव यरवडा चरखा. सुधारित चरख्यासाठी चरखा संघाने 1929 मध्येच एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, इतकी त्या काळात यंत्राची तहान होती. मला त्या पेटीचा फायदा फार ऐहिक आहे: झाकण लावलं की सावरीला दोऱ्या कुरतडता येत नाहीत.

आता तक्रारी. बाबांनी वर्ध्याहून पाठवलेल्या माझ्या चरख्याची चाती किंचित वाकलेली निघाली. वाकडी चाती थरथरते, आणि अंगोराचा बारीक धागा ती थरथर अजिबात सहन करत नाही. माळ सुती आहे. हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाला की ती सैल पडते, घसरते, मेण चोळावं लागतं. सोबत सूचनांचा कागद म्हणून काहीही नव्हतं. जमिनीवर मांडी घालून बसता येत नसेल तर बैठं टेबल शोधा, जेवणाच्या टेबलावर खांदा भरून येतो. चातीवर माल फार मावत नाही, त्यामुळे दुपदरी करायला मी टकळीच वापरते. जाड लोकर हवी असेल तर हे यंत्र तुमचं नाही.

कातलेल्या लडीला गरम, मग गार पाणी दाखवून न्हाणीघराच्या भिंतीवर जोरात आपटायची. बघणारा घाबरतो, पण तसं केल्यावरच धाग्यावर ती प्रसिद्ध लव फुलते. शुद्ध अंगोरा ताणल्यावर परत आखडत नाही, सुलट-उलटची पट्टी पहिल्याच धुण्यात लोळते. म्हणून गळपट्टा जाळीदार विणा, आणि कानटोपी करायची असेल तर हातकंगव्यांवर (लोकर विंचरायच्या दातेरी फळ्यांवर) मेरिनो मेंढीची लोकर मिसळा. तान्ह्या बाळासाठी नको, लव तोंडात जाते.

हे वाचून कुणाला पुण्यात ससा आणावासा वाटेल, त्यांना हात जोडून नको. उकाडा याला मारतो. इंग्लिश अंगोराला दिवसाआड विंचरावं लागतं, गवत सतत पुढ्यात लागतं, कारण पोटात गेलेले केस ससा ओकू शकत नाही. साधारण तीन महिन्यांनी जुने केस आपोआप सैल होतात, तेच मी कंगव्याने काढते. पाठीचे आणि कुशीचे कातायला, मानेखालचे गुंतलेले टाकून द्यायला. वर्षाकाठी तीन-चारशे ग्रॅम. 2013 मध्ये चीनमधल्या फार्मांवर सशांचे केस ओरबाडतानाचे व्हिडिओ बाहेर आले, एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने अंगोरा थांबवला, आणि तेव्हापासून अंगोरा म्हटलं की इथे भुवया चढतात. अशा वेळी मी कंगव्याखाली डोळे मिटून पसरलेल्या सावरीचा फोटो पुढे करते.

पाचपैकी चार तारे. एक तारा चातीसाठी कापला. मागवताना जादा दोन चात्या आणि माळेचा दोरा पेटीतच ठेवायला सांगा, आणि चाती काचेवर लोळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.