चार डबे संपले: पावडर चांगली, चमचा कचऱ्यात

लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठीची, पाण्यात विरघळवून प्यायची ही कार्ब पावडर सहा महिने वापरून झाली. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली, पोटात ग्लुकोज होणारी भुकटी) आणि फ्रुक्टोज (फळांतली साखर) १:०.८, ६० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम सोडियम, पुसटसा लिंबाचा स्वाद. लेबल सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. लिहायला बसण्याचं कारण म्हणजे डब्यातला तो प्लास्टिकचा चमचा.

डब्यावर छापलंय, २ सपाट चमचे म्हणजे ६० ग्रॅम. भरलेला चमचा वजनकाट्यावर ठेवून बघा. डबा नुकताच हलवला असेल तर भुसभुशीत चमचा २५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच डबा दोन आठवडे कपाटात राहिला की खाली दबलेल्या पावडरीचा चमचा ३४ पर्यंत जातो. चमचा घनफळ मोजतो आणि शरीर ग्रॅम मोजतं, भांडण एवढंच आहे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (शर्यत नसलेली, ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल राइड) साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले १२ तास तासाला दोन हलके चमचे घेतले, तर दर तासाला १० ग्रॅम कमी, म्हणजे एकूण १२० ग्रॅम. अख्ख्या दोन तासांचं इंधन डब्यातच राहिलं! शेवटच्या ४० किलोमीटरला पाय का संपले याचा शोध मग ट्रेनिंगमध्ये घेतला जातो. चमचा जड भरला तर उलटी गंमत: ५०० मिलीच्या बाटलीत १२ टक्क्यांऐवजी साडेतेरा टक्क्यांचं द्रावण होतं आणि उन्हात ते पोटात दगडासारखं बसतं.

तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं की वाहतुकीत पावडर खाली बसते, नवा चमचा पाठवत आहोत. आला. हुबेहूब तोच.

उपाय साधा आहे: १-१ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. इव्हेंटच्या आदल्या रात्री झिपच्या पिशव्यांमध्ये ६०-६० ग्रॅम भरून ठेवायचं, हवा काढून टाकायची, पिशवीवर मार्करने ग्रॅम लिहायचे. (लिहाच. पांढऱ्या पावडरीच्या दहा निनावी पिशव्या घेऊन रात्री फिरणाऱ्या माणसाला उत्तरं द्यावी लागतात.) भरण्याआधी डबा उलटासुलटा करून हलवा, कारण माल्टोडेक्स्ट्रिनचा भुगा आणि फ्रुक्टोजचे दाणे एकाच आकाराचे नसतात, ते वेगळे होतात. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं, म्हणून झाकण उघडं राहिलं की गुठळ्या ठरलेल्या. बाटलीत आधी निम्मं पाणी, मग पावडर, मग जोरात हलवणं, शेवटी उरलेलं पाणी. पावडर आधी टाकली की तळाशी डिंक तयार होतो. अजून एक, ९० ग्रॅम पावडर विरघळल्यावर ५५ मिलीच्या आसपास जागा खाते. ७५० मिलीची बाटली काठोकाठ भरली तरी पाणी ७०० मिलीच्या आतच असतं. पाण्याचा हिशोब करताना बहुतेक जण हे विसरतात.

आता मत कुठे बदललं ते. पहिल्या डब्यानंतर १:०.८ या प्रमाणासाठी पाच तारे दिले असते. आज त्यातला एक कापतो, आणि दोष पावडरीचा नाही, वापरणाऱ्याच्या वेगाचा आहे. आतड्यातला ग्लुकोजचा वाहक तासाला साधारण ६० ग्रॅमवर भरून जातो. फ्रुक्टोज दुसऱ्या दाराने आत येतं, म्हणून दोन्ही मिळून ९० ग्रॅम आणि सराव असेल तर त्याहून जास्त पचतं. पण ब्रेव्हेच्या निवांत वेगाला ५० ते ६० ग्रॅम पुरतात, तिथे दुसरं दार उघडलं काय, न उघडलं काय! तेवढ्यासाठी नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन चालतं. साधी साखरही चालते, ती मुळातच निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते. फक्त ती गोड फार लागते आणि तेवढ्याच ग्रॅमचं द्रावण जास्त तीव्र होतं. शर्यतीच्या वेगाने पाच-सहा तास दामटणाऱ्यांना मात्र ही पावडर पैसे वसूल करून देते. त्यांनीही थेट ९० वर उडी मारू नये. ४० पासून सुरू करून दर आठवड्याला १० ग्रॅम वाढवा, आतड्यालाही सराव लागतो.

चमच्याच्या रागात दुसरा दोष बराच काळ नजरेआड राहिला, आणि खरं तर तोच मोठा आहे: खाणं, पाणी आणि मीठ एकाच बाटलीला बांधलेलं. ऊन वाढलं की पाणी दुप्पट लागतं, कार्ब तेवढेच. मग बाटली पातळ करायची की पोट बिघडवायचं? म्हणून एका बाटलीत घट्ट द्रावण (७५० मिलीत १८० ग्रॅम, म्हणजे तीन तासांचा साठा, बाहेरून मार्करने तीन रेघा) आणि दुसरीत पाणी. घट्ट द्रावणाचा घोट घेतला की लगेच पाण्याचे मोठे घोट. नुसतं घट्ट पीत राहिलात तर आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं.

पाणी किती, हे डब्यावर नसतं आणि असूही शकत नाही. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. ०.६ किलो घटलं आणि मध्ये ०.५ लिटर प्यायलात, तर घाम तासाला १.१ लिटर. थंडीत आणि उन्हात वेगवेगळं मोजा. सगळं भरून काढायची गरज नसते. ७० किलोच्या माणसाचं वजन शेवटी एक-सव्वा किलो कमी भरलं तर बिघडत नाही. वाढलं तर मात्र थांबा: डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि त्यावर अजून साधं पाणी, हा रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरवण्याचा रस्ता आहे.

घामातलं सोडियम लिटरमागे २०० पासून २००० मिलिग्रॅमपर्यंत काहीही असतं, त्यामुळे छापील ३०० हा आकडा कोणाचाच नाही. जर्सीवर पांढरे डाग उठत असतील तर पाण्याच्या बाटलीत मीठ घाला. १ ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. स्वयंपाकघरातला काटा एवढं कमी वजन नीट दाखवत नाही, म्हणून २० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण २०० मिली करा. औषधाच्या टोपणाने १० मिली घेतलं की बरोबर १ ग्रॅम.

स्वाद पहिले सहा-सात तास छान. त्यानंतर गोड नकोसं होतं, मग लिंबू काय नि संत्रं काय. ३०० किलोमीटरच्या पुढे निम्मे कार्ब खारट आणि चावून खायच्या पदार्थांतून घ्या. स्वाद नसलेला प्रकार मिळतो, पाचवा डबा त्याचाच मागवलाय. चमचा नको असं ऑर्डरमध्ये लिहिलं होतं. तरी आलाच. बाटलीच्या झडपेखाली साखरेवर वाढणारी काळी बुरशी खरवडायला तो बरा पडतो.