क्रूझवरून बंदरात उतरायचं ‘परमिट’: बडोद्यातल्या फसवणुकीचा अनुभव

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवरून मलेशियाच्या बंदरात उतरायला एजंटकडून कोणतंही ‘शोअर परमिट’ विकत घ्यावं लागत नाही. हे मी जहाजावर विचारून आणि प्रत्यक्ष उतरून सांगते आहे. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या ज्येष्ठ मंडळींना असं परमिट विकलं गेलं आहे. पुढच्या सहलीसाठीही पैसे गोळा होत आहेत असं कानावर आलं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

विकणारा माणूस मराठी, ओळखीच्या घरातला, गणपतीत मांडवात दिसणारा. माझ्या आत्याच्या भजनी मंडळात त्याने ही सहल सुचवली. अहमदाबादहून थेट विमानाने सिंगापूर, तिथून जहाज, वाटेत पोर्ट क्लांग आणि पेनांग ही दोन बंदरं, आणि पुन्हा सिंगापूर. मंडळातल्या बहुतेकींनी समुद्र पाहिला होता तो तिथल-दमणचा, नाहीतर कोकणातला. एकाच खोलीत मुक्काम, जेवणखाण जहाजावरच, रोज बॅग बांधायची नाही, गुडघ्यांचे हाल नाहीत. साठी-सत्तरीच्या माणसांसाठी लहान क्रूझ हा फार चांगला प्रवास आहे, हे माझं मत आजही बदललेलं नाही. घरच्यांनी मला सोबत म्हणून पाठवलं.

पैसे भरायच्या बैठकीत प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका काकांनी नेमका प्रश्न विचारला, “बंदरात आम्ही आमचे आम्ही फिरलो तर चालेल ना?” त्यावर तो म्हणाला, “काका, परदेशातलं बंदर आहे ते. असं कुणालाही सोडत नाहीत. परमिट नसेल तर सगळे खाली उतरतील आणि तुम्ही डेकवर बसून राहाल.” काकांचं समाधान झालं नाही तसा त्याने लक्षद्वीपचा दाखला दिला. आपल्याच देशातल्या लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परमिट लागतं, मग मलेशियाला लागणार नाही का?

हा युक्तिवाद ऐकून सगळे गप्प झाले, कारण त्यातला पहिला भाग खरा आहे. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना खरोखरच लागतो, त्याचे नियम १९६७ सालापासून आहेत. पण तिथल्या बेटांवर स्थानिक लोकांच्या संरक्षणासाठी घातलेलं ते बंधन आहे आणि तो परवाना तिथलं प्रशासन देतं. मलेशियाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत राहायला १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसाही लागत नाही आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. लागतं ते डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे आपण येत असल्याची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते मलेशियाच्या इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही पडत नाही. सिंगापूरचं अरायव्हल कार्डसुद्धा फुकटच आहे. आमच्याकडून या दोन्हींची ‘फॉर्म फी’ वेगळी घेतली गेली.

त्याने दाखवलेली दुसरी भीती जहाज चुकण्याची. “उशीर झाला तर जहाज थांबत नाही, मग परक्या देशात अडकाल.” हेही अर्धं खरंच आहे. जहाज कंपनीने स्वतः आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबतं. आपण स्वतंत्र गेलो असू तर थांबत नाही, आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. पण हा नियम एजंटच्या गाडीलाही तसाच लागू असतो, आणि तो भाग त्याने सांगितला नाही. जहाजाच्या दृष्टीने त्याची ‘खासगी गाडी’ आणि आपण रस्त्यावर पकडलेली टॅक्सी यांत काहीच फरक नसतो. गाडी जहाज कंपनीची नसेल तर तिच्यासाठी कुणी थांबणार नाही, मग ती कितीही महाग असो.

शेवटी माणशी, बंदरागणिक साडेतीन हजार रुपये ठरले. त्यात परमिट, खासगी गाडी आणि गाईड. प्रत्येकाच्या हातात लॅमिनेट केलेलं एकेक कार्ड आलं, वर फोटो, गोल शिक्का आणि चमकणारा स्टिकर. पैसे रोख. पावतीवर नुसतं ‘टूर खर्च’ असं लिहिलेलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. बाकीचं काम त्याने चोख केलं. विमानाची तिकिटं खरी होती, केबिन ठरल्याप्रमाणे मिळाली. सिंगापूरचा व्हिसाही नीट काढलेला होता. जहाज सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश होतो, त्यामुळे व्हिसा एकाहून अधिक वेळा चालणारा असावा लागतो. ते त्याने बरोबर पाहिलं होतं. अशी माणसं पैसे घेऊन पळून जात नाहीत. सहल घडवून आणतात आणि मधल्या मध्ये, जिथे आपल्याला माहिती नसते तिथे, हात मारतात. म्हणूनच कुणी तक्रार करायला उठत नाही. “झाली ना सहल छान, जाऊ दे,” हे वाक्य परत आल्यावर मी किती घरांत ऐकलं!

पहिलं बंदर पोर्ट क्लांग. माहितीपत्रकात त्याचं नाव ‘क्वालालंपूर बंदर’ असं छापलं होतं आणि शेजारी पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांचा फोटो. क्वालालंपूर समुद्रावर नाही. जहाज लागतं ते पुलाव इंदाह नावाच्या बेटावर, आणि तिथून राजधानीत रस्त्याने पोहोचायला एक ते दीड तास लागतो. येण्याजाण्यातच दोन ते तीन तास मोडतात. जहाज कंपन्याही जाहिरातीत क्वालालंपूरचं नाव घेतात, पण त्या सोबत पोर्ट क्लांग असं लिहितात. हे तुमच्या कागदावर कसं लिहिलं आहे ते जरूर बघा.

आम्हाला घ्यायला व्हॅन आली, गाईड नव्हता. ड्रायव्हरने सांगितलं की त्याला क्लांग शहरातल्या मॉलपर्यंत नेऊन परत आणण्याचेच पैसे मिळाले आहेत. क्वालालंपूरला जायचं तर वेगळे रिंगिट, म्हणजे मलेशियाचे पैसे. आत्याने सहा महिने बाटू केव्ह्जचं, म्हणजे क्वालालंपूरजवळच्या गुहेतल्या मंदिराचं, नाव घेतलं होतं. २७२ पायऱ्या चढायला जमणार नाही, पण खाली उभी राहून मुरुगनाची, म्हणजे कार्तिकेयाची, ती सोनेरी मूर्ती डोळे भरून बघेन, असं ती म्हणायची. मूर्ती ४२.७ मीटर उंच आहे, पायथ्यावरूनच दर्शन होतं. एजंटला फोन लावला, उचलला नाही. जहाज चुकेल या धास्तीने कुणी पुढे जायला तयार होईना. अख्खी सकाळ मॉलमधल्या बाकांवर गेली. मला सगळ्यात जास्त चीड त्या सकाळची आहे. पैशांपेक्षाही जास्त. या वयात माणूस असा प्रवास पुन्हा पुन्हा करत नाही.

संध्याकाळी ते लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन मी जहाजावरच्या गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मग वरिष्ठांना बोलावलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं. बंदरात उतरायला जहाजाचं कार्ड आणि ते सांगतील ती पासपोर्टची कागदपत्रं पुरतात. असं परमिट जहाज मागत नाही, बंदर मागत नाही. काउंटरवरून मी आमच्या बुकिंगचा तपशीलही मागून घेतला. त्यात भाडं, बंदर शुल्क आणि कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेबद्दलची बक्षिसी, वेगवेगळी लिहिलेली असते. एजंटने ग्रॅच्युइटीचे पैसे आमच्याकडून आधीच घेतले होते, पण जहाजाकडे ते भरलेलेच नव्हते. ते आमच्या खोलीच्या बिलात दिसत होते. हा कागद कोणत्याही प्रवाशाला मिळतो. निघण्यापूर्वी कंपनीचं मूळ बुकिंग कन्फर्मेशन एजंटकडे मागा. त्याने स्वतः टाइप केलेला कागद चालवून घेऊ नका. पुष्कळ गोष्टी तिथेच उघड होतात.

दुसऱ्या दिवशी पेनांग. गाडी आलीच नाही, आणि तेच बरं झालं. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, म्हणजे थेट जॉर्ज टाउन शहरातच. धक्क्यातून बाहेर पडलं की राणी व्हिक्टोरियाचा घड्याळाचा मनोरा समोर. तिच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून तो ६० फूट उंच बांधला. त्याच्या पलीकडे फोर्ट कॉर्नवॉलिस. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला, तेव्हापासूनची ती जागा. सावकाश चालणाऱ्या माणसांनाही हे सहज जमतं. तिथून लिटल इंडिया पायी गाठता येतं. तमिळ फलक, फुलांच्या माळा, तव्यावरचे डोसे. शाकाहारी जेवणाची चिंता करत निघालेल्या मावश्या केळीच्या पानावर पोटभर जेवल्या. क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मन मंदिर १८३३ सालचं आहे, तिथे आत्याने बसून दोन अभंग म्हटले. ज्यांना चालवेना त्यांच्यासाठी ग्रॅब ॲपवरून गाडी मागवली. त्यात भाडं आधीच दिसतं, घासाघीस करावी लागत नाही. कुणीही, कुठेही, कसलंही परमिट विचारलं नाही. २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे शहर आम्ही मोजक्या रिंगिटमध्ये पाहिलं, आणि सगळ्यात मोकळं, हसतं-खेळतं वाटलं ते तिथेच.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बंदर शहरातच आहे की शहरापासून लांब, हे नकाशावर आधी पाहा. पेनांगसारखं असेल तर स्वतः फिरा. पोर्ट क्लांगसारखं असेल आणि राजधानी बघायचीच असेल तर जहाज कंपनीचीच सहल घ्या, महाग पडली तरी. नाहीतर जवळपास राहा. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी आत यायचं असतं. ती वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सिंगापूर आणि मलेशियाची घड्याळं एकच वेळ दाखवतात. पण जहाज फुकेतला जाणारं असेल तर थायलंडची वेळ एक तास मागे आहे. तिथे जहाजाचीच वेळ धरायची. हातातल्या मोबाइलची वेळ आपोआप बदललेली असू शकते.

परत आल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीला आली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून गोळा करून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर, घेतला जातो. त्याचे दर बदलत आले आहेत. तो कर आपल्या पॅनवर जमा व्हायला हवा, आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मागता येतो. आमच्याकडून तो घेतला होता. गटातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी आपला फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून पाहिला तर त्यात या रकमेचा पत्ताच नाही. मग बाकीच्यांनीही पाहिलं, कुणाच्याच खात्यात नव्हता. ज्यांनी गेल्या काही वर्षांत कुठल्याही एजंटमार्फत परदेश सहल केली आहे त्यांनी हे एकदा तपासावं. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर ते दिसतं.

आता तक्रार चालू आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, त्यामुळे सेवा मलेशियात बिघडली तरी प्रकरण बडोद्यातच चालतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. मुदत घटनेपासून दोन वर्षं. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा बेपत्ता झाला असेल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं चांगलं.

अडचण पुराव्याची आहे. रोख दिलेले पैसे, ‘टूर खर्च’ लिहिलेली पावती, आणि परमिटचा उल्लेख फक्त तोंडी. आमच्या बाजूने उभी आहेत ती लॅमिनेट केलेली कार्डं आणि व्हॉट्सॲपवरचा त्याचा एक मेसेज, ज्यात दोन्ही बंदरांच्या परमिटची रक्कम आकड्यात लिहिली आहे. काहींनी घरी आल्यावर कार्डं फेकून दिली. ज्यांच्याकडे असं कार्ड अजून असेल त्यांनी ते फेकू नये, मेसेज पुसू नयेत, आणि माझ्या आत्याच्या मंडळातल्या कुणाशीही बोलावं. आयोगापुढे जितकी कार्डं एकत्र ठेवता येतील तितकी हवी आहेत.