दाबाच्या पेचकसाचं लॉक: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

दाबला की आपोआप फिरणारा पेचकस घ्यायचा विचार असेल, तर पीळ नंतर बघा, मूठ नंतर बघा, आधी तोंडाजवळचं कडं बघा. दांडा आत दाबून ते कडं फिरवलं की दांडा आतच थांबला पाहिजे आणि तुम्ही सोडल्याशिवाय सुटता कामा नये. हे एक जमत नसेल तर बाकी हत्यार कितीही चकचकीत असू द्या, ते घेऊ नका. उन्हाळा आणि पावसाळा मी असे दोन पेचकस कामावर वापरले. त्यातून माझं हे ठाम मत झालं आहे.

माझं काम लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत. दारं-खिडक्या बसवणं, मच्छरजाळीच्या चौकटी, कपाटांच्या बिजागऱ्या, जुन्या वाड्यांच्या दारांना नवे कडी-कोयंडे. एका खिडकीच्या जाळीला चारी बाजूंनी पट्टी मारायची म्हणजे स्क्रूच स्क्रू. बॅटरीचं ड्रिल माझ्याकडे आहे आणि रोज वापरात आहे. पण शेतातल्या घरी लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो. दुपारी दोन्ही बॅटऱ्या उतरल्या की उरलेलं काम मनगटावर येतं. म्हणून हा पेचकस घेतला.

आधी रचना सांगतो, कारण ती कळल्याशिवाय लॉकचं महत्त्व कळणार नाही. आतल्या पोलादी दांड्यावर दोन पीळ कोरलेले असतात, एक उजवा आणि एक डावा, एकमेकांना छेदत जाणारे. नळीच्या आत दोन नट त्या पिळांत बसलेले असतात. बाहेरचा खटका पुढं सरकवला की एक नट अडतो. मग मूठ दाबली की नट फिरू शकत नाही म्हणून दांडा फिरतो, आणि स्क्रू आत जातो. हात सैल केला की मुठीतली स्प्रिंग दांडा परत बाहेर ढकलते. त्या वेळी नट कटकट करत मोकळा फिरतो, दांडा फिरत नाही, त्यामुळे बिट, म्हणजे दांड्याच्या टोकाला लावायचं बदलतं पातं, स्क्रूच्या खाचेतून उचलावंही लागत नाही. खटका मागं घेतला की दुसरा नट अडतो आणि स्क्रू उलटा निघतो. खटका मधोमध ठेवला की दोन्ही नट अडतात आणि पेचकस साध्या पेचकसासारखा ताठ राहतो.

आता लॉक. स्क्रू जवळजवळ बसल्यावर शेवटची आवळणी दाबून होत नाही. पिळाचा चढ मोठा असतो, त्यामुळे वेग मिळतो पण जोर कमी पडतो. तिथं दांडा पूर्ण आत दाबायचा आणि नळीच्या तोंडावरचं खडबडीत कडं फिरवायचं. कडं आतून दांड्याची मान धरून ठेवतं. आता पेचकस आखूड झाला, हलेनासा झाला, आणि खटका पुढं असेल तर तोच रॅचेटचं काम करतो: मूठ उजवीकडं वळवली की आवळतो, डावीकडं नुसता सरकतो. एकाच हत्यारात दोन हत्यारं मिळतात ती या कड्यामुळं.

माझ्याकडचा चांगला पेचकस अमेरिकन आहे. नळीवर ‘यांकी’ हे नाव आणि १३० ए हा नंबर कोरलेला आहे. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स या कंपनीचं हे काम. आइस्क्रीम फिरवायची यंत्रं बनवणारी हीच कंपनी. १९४६ साली ती स्टॅनलीनं विकत घेतली. त्यांच्याच ३० नंबरच्या पेचकसाला स्प्रिंग नव्हती, दांडा दर वेळी हातानं ओढून बाहेर काढावा लागायचा. १३० मध्ये स्प्रिंग आली. स्प्रिंग आली म्हणूनच लॉकला एवढं वजन आलं. बिनास्प्रिंगच्या पेचकसाचं लॉक सुटलं तर फार तर दांडा सैल होईल. स्प्रिंगवाल्याचं सुटलं तर टोकाला बिट लावलेला पोलादी दांडा वीतभर तरी झेप घेतो, आणि तुमचं तोंड समोर असेल तर तो तोंडावरच येतो.

हा पेचकस उदगीरकडच्या एका वयस्क मिस्त्रींनी मला दिला. त्यांच्या वडिलांनी तो हैदराबादेतून आणला होता. तो काळच तसा, आपला भाग निजामाच्या राज्यात, चांगली वस्तू म्हटली की हैदराबाद. पैसे मोजून घेऊन त्यांनी पेचकस लगेच माझ्या हातात दिला नाही. आधी स्वतः कडं फिरवून दाखवलं. म्हणाले, “आधी मान धर, मग कडं फिरव. ह्यात उलटसुलट करायचं न्हाई बघ. माझ्या बापानं मला हेच पहिलं शिकिवलं.” मग माझ्याकडून त्यांनी तेच करून घेतलं, दोनदा, आणि मगच पिशवीत टाकू दिला.

ती रीत अशी. लॉक उघडायचं असेल तेव्हा पेचकसाचं तोंड जमिनीकडं. डाव्या मुठीत चक, म्हणजे दांड्याच्या टोकाचा बिट धरणारा भाग, घट्ट धरायचा (मिस्त्री म्हणतात ती मान धरणं हेच), उजव्या हातानं कडं फिरवायचं, आणि डावा हात सावकाश सैल करत दांड्याला बाहेर येऊ द्यायचं. लॉक लावताना बिट एखाद्या फळीच्या तुकड्यावर टेकवायचं, मूठ सरळ खाली दाबायची, शेवटाला टेकली की कडं. फळीचा तुकडा मी पिशवीतच ठेवतो. घरमालकाच्या फरशीवर बिट टेकवून दाबलं तर फरशीचा टवका उडेल.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मधला खटका म्हणजे लॉक नव्हे. खटका मधे असला की दांडा आत दाबला जात नाही, हे खरं. पण बाहेर येताना दोन्ही नट मोकळे फिरतात, म्हणून स्प्रिंगला तो अडवत नाही. खटका मधे आहे म्हणून निर्धास्त होऊन कडं उघडणाऱ्याच्या हातून दांडा सुटणारच. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोराला मी हेच आधी सांगितलं. आता तो कडं उघडायच्या आधी विचारतो, “मामा, मान धरली, उघडू का?” विचारतो तेच बरं आहे.

दुसरा पेचकस बिननावाचा, नवा, बाजारातून घेतलेला. पीळ वाईट नव्हता. मूठ तर हातात जास्त चांगली बसायची. पण कडं पातळ पत्र्याचं, दाबून आकार दिलेलं, आणि दांड्याच्या मानेला त्याची पकड नावापुरती. उन्हाळाभर चाललं. पावसाळ्यात कड्याची आतली कड गुळगुळीत झाली. आधी काम करताना कडं आपोआप थोडं सरकायला लागलं. आवळताना हाताच्या वळणाबरोबर तेही फिरायचं. मग एकदा पिशवीत ठेवलेला असताना सुटला, कापडी पिशवी फाडून बाहेर आला आणि शेजारी टेकवलेल्या सागवानी दाराच्या पॉलिशवर ओरखडा काढला. दाराचं पॉलिश परत करून द्यावं लागलं. माणूस बसलेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो. तो पेचकस मी स्प्रिंग काढून बाजूला ठेवला आहे, कुणाला देणार नाही.

घेताना तपासायचं कसं? दुकानात लॉक लावून मागा. तोंड जमिनीकडं ठेवून नळीवर तळहातानं बाजूनं दोन-चार चापट्या मारा. कडं जराही सरकलं तर ठेवून द्या. मग चक धरून उजवी-डावीकडं जोरानं पिळा. आवळणीच्या वेळी लॉकवर हाच जोर येतो. कडं फिरवताना शेवटी ते कुठंतरी ठाम थांबलं पाहिजे, गोलगोल फिरत राहता कामा नये. जुना माल असेल तर दांड्याच्या मानेवर नखानं चाचपून बघा, कड झिजून गोल झाली असेल तर कडं कितीही घट्ट वाटलं तरी ते टिकायचं नाही.

आता आपल्या हवेची गोष्ट. काळ्या रानातली धूळ पिठासारखी बारीक असते. एप्रिल-मेमध्ये वारं सुटलं की ती कड्याच्या खाली जाऊन बसते, आणि तिथं जाड ग्रीस लावलेलं असेल तर दोन्हीचा मिळून चिखल होतो. कडं अर्धंच फिरतं, लॉक लागल्यासारखं वाटतं आणि लागलेलं नसतं. पूर्ण मोकळं कडं एक वेळ परवडतं, दिसतं तरी. हे अर्धवट लागलेलं फसवतं. म्हणून ग्रीस बंद केलं. शिलाई मशीनचं पातळ तेल दांड्यावर फडक्यानं पुसून घेतो, तेही पुसून जवळजवळ कोरडं करतो. कड्याच्या आत तेल नाही, पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड टाकतो. पंधरवड्यातून एकदा डिझेलमध्ये टूथब्रश बुडवून कडं आतून घासतो आणि उन्हात वाळवतो. पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून घरी आणल्यावर दांडा पूर्ण बाहेर काढून कोरडा पुसून ठेवायचा.

घरी ठेवताना लॉक उघडाच ठेवतो. स्प्रिंग कायम दबून राहिली तर तिचा जोर उतरतो. खिळ्याला टांगलेला असतो, दांडा बाहेर, पोरांच्या हाताच्या वर. पिशवीत मात्र न चुकता लॉक लावून, आणि वरून चक ते नळी असा जाड रबराचा पट्टा. पट्टा बाकी काही करत नाही, पण पिशवीत इतर हत्यारांच्या धक्क्यानं कडं फिरू नये एवढं सांभाळतो.

कामाचा अनुभव. जाळीच्या पट्ट्यांना हे हत्यार फारच चांगलं. आधी सगळ्या चौकटीचे स्क्रू दाबून पाऊण बसवून घेतो, मग लॉक लावून एका फेरीत सगळे आवळतो. दर स्क्रूला लॉक उघड-बंद करत बसलात तर वेळही जातो आणि कडंही झिजतं. पितळी स्क्रूला तर मी बॅटरीचं ड्रिल लावतच नाही आता. पितळ मऊ, ड्रिलनं डोकं तुटून हातात येतं. लॉक केलेल्या पेचकसात मात्र स्क्रू कुठं थांबला ते बोटांना कळतं. काचेच्या पट्ट्या बसवताना पेचकस लॉकमध्येच ठेवायचा. दाबताना बिट खाचेतून निसटलं तर ते थेट काचेवर जाईल.

बाभळीच्या लाकडात दाबून स्क्रू जात नाही, हे मान्य करायला हवं. आधी सामत्यानं नाहीतर ड्रिलनं भोक पाडा, स्क्रूला साबण लावा, तरीही अर्ध्यातून पुढं लॉक लावून रॅचेटनंच न्यावा लागतो. कडूनिंबात जातो, सागात तर सहज. काळ्या कडक जिप्सम स्क्रूला हा पेचकस वापरू नका, त्याला ड्रिलच बरं.

बिट हा या जुन्या पेचकसांचा खरा अडसर. हा बनला तेव्हा बहुतेक स्क्रू एका खाचेचे होते. चार खाचांच्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं. मिस्त्रींच्या डब्यात सगळी बिटं चपटीच निघाली. १३० ए चं बिट ९/३२ इंच गोल दांड्याचं असतं, म्हणजे साधारण ७.१ मिलिमीटर, आणि टोकाला अर्धा भाग सपाट व बाजूला एक खाच. आजची बिटं पाव इंची षट्कोनी, म्हणजे सपाट बाजूंमध्ये ६.३५ मिलिमीटर. वाटतं की ती सहज शिरतील. पण षट्कोनाच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर ७.३ च्या वर जातं, म्हणून भोकात अडतात. मी बाजारातला चुंबकी बिटहोल्डर घेतला आणि लातूरच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून त्याच्या शेपटीचे सहा कोपरे ७.१ वर उतरवून घेतले. सपाट भाग आणि खाच कानशीनं घरीच केली. जुनं बिट समोर ठेवून मापं घ्यायची. खाच जास्त खोल झाली तर होल्डर चकमध्ये हलतो. आता त्यात कुठलंही बिट चालतं. होल्डरमुळं लांबी मात्र वाढते, म्हणून लॉक उघडताना मान धरायची ती चकवरच धरायची, होल्डरवर नाही. होल्डर धरला आणि तो चकमधून निसटला तर हातात होल्डर राहील आणि दांडा मोकळा सुटेल.

ज्याच्याकडे चांगलं बॅटरीचं ड्रिल आहे आणि शहरातच काम आहे, त्यानं हा पेचकस मुद्दाम शोधायला जाऊ नये. खेड्यात फिरणाऱ्या फिटरला, पितळी सामान आणि काच हाताळणाऱ्याला मात्र मी आग्रहानं सांगेन. जुना मिळाला, कडं ठाम असलं, तर पीळ थोडा झिजलेला असला तरी घ्या. झिजलेल्या पिळानं दाबायला जरा जास्त जोर लागतो, बाकी काही अडत नाही. माझा दुसरा होल्डर लेथवाल्याकडे पडलेला आहे, पोरासाठी. त्याच्यासाठी पेचकस अजून मिळालेला नाही. दोन जुने बघितले, दोन्हींचं कडं चापटीला सरकलं, म्हणून सोडून आलो.